प्रश्न चाफ्याकडे, उत्तरं केळीकडे

नावडत्या गोष्टीवर आमच्या दादांइतकी माया करणारा माणूस उभ्या वसई तालुक्यात दुसरा नसेल, आणि तालुक्याबाहेर शोधायला जाण्यातही अर्थ नाही, कारण तिकडच्या माणसांना एवढा वेळ नसतो. तुम्हाआम्हाला एखादी गोष्ट आवडली नाही की आपण तिच्या वाटेला जात नाही. दादा तिच्या वाटेवर जाऊन बसतात. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची वाडी आहे. एका अंगाला सोनचाफा, दुसऱ्या अंगाला केळी आणि मधोमध बावखल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वाडीला पाणी पाजणारं गोड्या पाण्याचं तळं. अशा जागी जन्मलेल्या माणसानं भजनं ऐकावीत, फार तर जुनी भावगीतं ऐकावीत. दादा तरुणपणापासून ऐकतात ते मेटल. त्यातही साधं मेटल त्यांना चालत नाही, प्रोग्रेसिव्ह लागतं. दोहोंतला फरक त्यांनी मला एकदा समजावून सांगितला होता. "साध्या मेटलमध्ये माणूस रागावलेला असतो, भावोजी. प्रोग्रेसिव्हमध्येही तो रागावलेलाच असतो, पण का रागावलाय ते वीस मिनिटं सांगतो."

माझी आणि या संगीताची पहिली भेट मी मुलगी बघायला गेलो त्या सकाळी झाली. बरोबर माझे काका होते, खास सांगलीहून आलेले. वाडीच्या फाटकाशी पोचलो तर आतून एक माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता. काका म्हणाले, "अरे, कुणीतरी विहिरीत पडलंय!" मी चपला तिथंच टाकून आवाजाच्या दिशेनं धावलो. पाहतो तर चाफ्याच्या झाडाला शिडी लावलेली, शिडीवर एक धिप्पाड गृहस्थ, अंगात कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट, कमरेला फुलांची टोपली, आणि झाडाखालच्या कपाटाएवढ्या स्पीकरमधून तो आरडाओरडा. गृहस्थांनी खाली उतरून आवाज बंद केला, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि मला एक चाफ्याचं फूल दिलं. मला वाटलं, जमलं. पोहे झाले, चहा झाला, मंडळी सुपारी कातरू लागली, तेव्हा हेच गृहस्थ सगळ्यांसमोर अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "हे बघा, राग मानू नका, पण तुम्ही मला आवडला नाहीत. मात्र मी अजून एकदाच बघितलंय. परत या." काकांनी टोपी उचलली. पण स्वयंपाकघरातून कुणीतरी खुदकन हसलं, आणि ते हसणं ऐकून मी ठरवलं की परत यायचं. पुढे तेच हसणं माझ्या घरी आलं. लग्न लागलं तेव्हा दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "जमतंय, जमतंय" एवढंच म्हटलं. आमच्या मुलाच्या बारशाला मी विचारलं, "दादा, माझा काही निकाल?" तर म्हणाले, "घाई काय आहे?"

हा त्यांचा माझ्यापुरता खाक्या असता तर मी मनाला लावून घेतलं असतं. पण दादा सगळ्या जगाशी असेच वागतात. शेपूची भाजी त्यांना लहानपणापासून आवडत नसे. दुसऱ्या कुणी ताट सरकवलं असतं. दादा दर हिवाळ्यात वहिनींना शेपू करायला लावायचे, पहिला घास घेऊन डोळे मिटायचे, थोडा वेळ वाट पाहायचे आणि "नाही, अजून नाही" म्हणून उरलेली भाजी निमूट संपवायचे. आणि एके दुपारी आमच्याकडे फोन आला. बायकोनं उचलला, तर पलीकडून दादा गहिवरलेल्या आवाजात सांगत होते, "आवडली गं, आवडली! शेपू आवडली!" संध्याकाळी पेढे घेऊन आले. आम्ही नायगावला उंच टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हाही तेच. सगळ्या खोल्या पाहिल्या, नळ सोडून पाहिले, गॅलरीतून खाडी पाहिली आणि म्हणाले, "मला नाही आवडलं. पुढच्या रविवारी येतो." आणि आले! त्याच खुर्चीत, खाडीकडे तोंड करून बसले. अशा माणसाला घरी बोलवावं की नाही असा प्रश्न मला पडायचा. बायको म्हणायची, "अरे, ज्याला पहिल्या फटक्यात सगळं छान वाटतं, तो परत कशाला येईल?" तिचं माहेर असल्यामुळे मी वाद घालत नसे. दादांचं स्वतःचं म्हणणं असं की आवडून घेणं हे आपलं काम आहे, ते त्या वस्तूवर ढकलू नये.

या मेटलच्या नादाला त्यांना लावलं डॉमनिकनं. डॉमनिक त्यांचा कॉलेजातला मित्र, राहायला शेजारच्याच गावात, आणि लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा. दिवसा वरातीत वाजवायचं ते पोटासाठी आणि घरी येऊन ऐकायचं ते जिवासाठी, अशी त्याची विभागणी. त्याच्या खोलीत बसून दोघांनी कॅसेटी झिजवल्या. पुढे बँडनं टाकून दिलेले दोन स्पीकर डॉमनिकनं दादांच्या वाडीत आणून दिले आणि एका रिकाम्या दुपारी दादांनी ते लावले. मेटलवाल्या मंडळींचा एक कंपूच आहे. विरारपासून नायगावपर्यंतची काळ्या टी-शर्टातली मुलं रविवारी डॉमनिककडे जमतात, आणि दादा त्यांच्यात वडीलधारे. या कंपूचा एक अल्बम आहे. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, पण ते निघालं की मुलं आवाज खाली आणतात. सगळ्या जगानं डोक्यावर घेतलेला अल्बम. तो लागला की कुणी डोळे मिटतं, कुणी हवेत ड्रम बडवतं, एक इंजिनिअर मुलगा तर हमखास रडतो. आणि या सगळ्यांच्या मधोमध दादा उघड्या डोळ्यांनी बसलेले. संपल्यावर त्या रडणाऱ्या मुलाला ते काळजीनं विचारायचे, "आता बरं वाटतंय ना?"

कारण दादांना तो अल्बम आवडत नव्हता. आता खोटं सांगायला काय लागतं? मान डोलवायची, वा म्हणायचं. पण दादांना तेही जमेना आणि "भिकार आहे" म्हणून मोकळं होणंही जमेना. त्यात एकदा डॉमनिक बोलता बोलता बोलून गेला, "ज्याला हा अल्बम कळला नाही ना, त्याला मी पण कळलो नाही समज." तो सहज बोलला, पण दादांच्या ते जिव्हारी लागलं. तरुणपणापासूनचा एकुलता एक मित्र, आणि त्याच्या जिवाचा तुकडा आपल्याला आवडू नये! तेव्हापासून त्यांनी त्या अल्बमचा अभ्यासच मांडला. डॉमनिककडचं ऐकणं ते हिशेबात धरत नसत, कारण तिथं अल्बमपेक्षा डॉमनिकच जास्त ऐकू यायचा. खरं ऐकणं वाडीत. आंघोळीआधी ऐकून पाहिलं, आंघोळीनंतर ऐकून पाहिलं. एकादशीला उपाशीपोटी ऐकला आणि बोंबलाचं कालवण हाणून आडवं पडूनही ऐकला. इंजिनिअर मुलानं बोटं मोजून शिकवलं की इथं सात मात्रा आहेत, इथं पाच, तर दादा चाफा खुडताना मात्रा मोजू लागले. मला म्हणाले, "मोजणी बरोबर येते, भावोजी. मजा येत नाही." मी म्हटलं, "दादा, हेडफोन लावून बघा की." त्यावर ते म्हणाले, "कानात बोळे घालून वाडीत फिरतात का? जनावर आलं तर कळायला पाहिजे." त्या स्पीकरच्या आवाजात जनावर तर सोडाच, मालगाडी आली असती तरी कळली नसती. पण जावयानं किती बोलावं यालाही मर्यादा असतात.

त्याच सुमारास माझं बिनसलं. सातिवलीत मी ज्या कंपनीत अकाउंट्स सांभाळत होतो ती बंद पडली. वय असं की नवी नोकरी मिळणं कठीण आणि घरी बसणं त्याहून कठीण. बायको कामावर जायची, मुलगा कॉलेजला जायचा आणि मी त्या उंच गॅलरीत खाडीकडे बघत बसायचो. हळूहळू दाढी करणं सुटलं. मग फोन उचलणं सुटलं. लोक यायचे, सल्ले द्यायचे, कोणी म्हणायचं पॉझिटिव्ह राहा, कोणी म्हणायचं योगा करा. मला खाली बघायची सवय लागली होती, आणि ती सवय चांगली नव्हती हे मला कळत होतं. एवढंच लिहितो. दादा आले, आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "भावोजी, मला एक माणूस पाहिजे. ज्याला संगीतातलं काही म्हणजे काही कळत नाही असा. मी खूप विचार केला, तुमच्याइतकं न कळणारा दुसरा कोणी नाही. तुम्ही रोज सकाळी वाडीत येऊन बसा, तो अल्बम ऐका आणि त्यात चांगलं काय आहे ते मला सांगा. आमच्या लोकांना विचारून उपयोग नाही, ते रडायलाच लागतात."

मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते परत आले. ज्या माणसानं शेपूला सोडलं नाही तो मला काय सोडणार? शेवटी मी जाऊ लागलो. चाफ्याखाली एक उलटा क्रेट, त्यावर मी, समोर तो काळा स्पीकर, शिडीवर दादा. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय चांगलं वाटलं?" मी म्हटलं, "संपला ते." दादा हसले नाहीत. शिडीवरून खाली उतरले आणि म्हणाले, "कसा संपला? नीट सांगा." मला काहीच सांगता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन ऐकावं लागलं. अशी माझी नेमणूक पक्की झाली. रोज एक चांगली गोष्ट शोधायची आणि परत जाताना शिडीखाली उभं राहून सांगायची. कधी सांगायचो की मधे एका ठिकाणी पंख्याखाली बसल्यासारखं वाटतं, कधी सांगायचो की ओरडणारा माणूस एकदा हळू बोलला ते बरं वाटलं. दादा प्रत्येक गोष्टीवर मान हलवायचे, दुसऱ्या दिवशी ती जागा शोधून ऐकायचे आणि खिन्नपणे म्हणायचे, "बरोबर आहे तुमचं. पण मला नाही आवडली." एका सकाळी मी वाडीत जायच्या आधी दाढी केली. का केली ते तेव्हा लक्षात आलं नाही. वहिनींच्या आलं. त्या दिवशी पानात शिरा जास्त होता.

त्या अल्बममध्ये एक लांबलचक तुकडा आहे, आणि कंपूचा जीव त्याच तुकड्यात अडकलेला. त्यात गिटार एक ओळ वाजवते आणि गप्प होते. मागे ड्रम चालू असतात. मग पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. दादा मला म्हणायचे, "इथं तो थांबतो ना, ते फार मोठं आहे म्हणतात." मीही त्या थांबण्याकडे आदरानं बघायला शिकलो होतो. एके सकाळी वहिनींनी हाक मारली, घरी पूजा होती, केळीची पानं हवी होती. मी कोयती घेऊन बावखलाच्या काठानं केळीकडे गेलो. तिकडे दुसरा स्पीकर होता. नेमका तोच तुकडा चालू होता, आणि मी पान कापता कापता थबकलो. इथं गिटार नव्हतीच. इथं पेटीसारखं काहीतरी वाजत होतं, भरभरून, खळखळून, आणि मग गप्प होत होतं. तिकडची शांतता संपली की इकडची सुरू व्हायची. मी जन्मभर अकाउंट्स केलेला माणूस. जमेची बाजू एका वहीत आणि खर्चाची दुसऱ्या वहीत सापडावी तसा माझा चेहरा झाला असणार. पानं तिथंच टाकून मी परत धावलो, याही वेळी चपला राहिल्याच.

"दादा, चाफ्याकडे जो प्रश्न विचारतोय ना, त्याचं उत्तर केळीकडे येतंय!"

दादांना आधी कळेना. मग सगळा उलगडा झाला. स्पीकर लावताना त्यांनी विचार केला होता की चाफा काढताना इकडे ऐकू यावं आणि केळी उतरवताना तिकडे. शिवाय एका झाडाला ऐकवायचं आणि दुसऱ्याला नाही, हा पक्षपात त्यांच्या स्वभावात बसेना. म्हणून डावा स्पीकर चाफ्यात आणि उजवा केळीत, मधे पाइपाच्या बाजूनं वायर ओढलेली, आणि या अल्बमात गिटार येते डावीकडून, तर ती पेटी उजवीकडून. जुने अल्बम डॉमनिकच्या खोलीत पाठ झालेले असल्यामुळे काही अडलं नाही. हा एकच नवा अल्बम त्यांनी असा, अर्धा अर्धा ऐकलेला. दादांनी शिडी सोडली. मला तुकडा पुन्हा लावायला सांगितला आणि बावखलाच्या काठानं केळीकडे गेले, तिथून चाफ्याकडे आले, परत केळीकडे गेले. असं करून करून धाप लागल्यावर काठावर बसले. मला वाटलं, एवढ्या वर्षांचे कष्ट वाया गेले म्हणून माणूस खचणार. तर दादांचे डोळे भरून आले होते आणि ते म्हणत होते, "बिचारा! भावोजी, बिचारा अर्ध्या अंगानं गात होता, आणि मी त्यालाच नाकारत होतो!"

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून डॉमनिक आला. आम्ही दोन्ही स्पीकर उचलून बावखलाच्या काठावर शेजारी शेजारी लावले. हकिकत ऐकून डॉमनिक इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग अल्बम लागला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दादा मधोमध मांडी घालून बसले होते. डॉमनिक त्या दिवशी हवेत ड्रम बडवत नव्हता. तो सगळा वेळ दादांच्या तोंडाकडे बघत होता, आणि मी दोघांच्या. शेवटचा सूर विरला. पाण्यावर एक खंड्या येऊन गेला. डॉमनिकनं विचारलं, "काय रे?"

दादांनी एकदा डाव्या, एकदा उजव्या स्पीकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "आत्तापर्यंत अर्धा आवडत नव्हता. आता सगळा आवडत नाही."

आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की विचारू नका. "म्हणजे आता पहिल्यापासून सुरुवात," ते म्हणाले. "आधीचं काही धरायचं नाही." डॉमनिकनं डोळे पुसले. हसून आले होते की कशानं, मला सांगता येणार नाही. तो म्हणाला, "जाऊ दे ना यार आता. माझ्यासाठी इतकं केलंस ते बस झालं." त्यावर दादा उखडले. "तुझ्यासाठी कोण ऐकतंय?" आम्ही दोघांनीही मान खाली घातली.

पुढे मला कामणच्या एका गोदामात हिशेबाचं काम मिळालं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, मधल्या काळात काय करत होता? मी म्हटलं, "मेव्हण्यांकडे जात होतो." त्यांना ते पुरेसं वाटलं. खरं तर तेवढं पुरेसंच होतं. कंपनी बंद झाल्यावर मला किती जणांनी धीर दिला, पण काम दिलं ते एकट्या दादांनी. मी शोधून काढलेली एकही गोष्ट त्यांना आवडली नाही, तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नव्यानं विचारलं. मला खूप वेळा वाटतं, त्या दिवसांत मी काही ऐकण्यासारखा माणूस नव्हतो. त्यांनी मलाही रोज पुन्हा लावून पाहिलं.

हे उपकार त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. आभार मानले की दादा उठून पंप बघायला जातात. मात्र अलीकडे एक सोय झाली आहे, आणि ती झाली नसती तर बरं, असंही वाटतं. दादांचा उजवा कान गेला. वहिनींच्या लक्षात आलं की उजवीकडून हाक मारली तर ते ओ देत नाहीत. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्या कानाचं आता काही होण्यासारखं नाही, आणि डाव्यातूनही बारीक, उंच स्वर जात चालले आहेत. दादा बाहेर येऊन म्हणाले, "डॉक्टर मला आवडला नाही. परत येऊ." परत गेल्यावरही त्यानं तेच सांगितलं. म्हणजे आता स्पीकर शेजारी शेजारी आहेत, गिटारचे प्रश्न नीट पोचतात, पण त्या पेटीसारख्या वाद्याची उत्तरं दादांपर्यंत येत नाहीत. म्हणून रविवारी मी त्यांच्या डाव्या बाजूला बसतो आणि उत्तरं आली की त्यांच्या कानाशी गुणगुणतो. माझा आवाज कसा आहे ते माझ्या बायकोला विचारा. दादा म्हणतात, "हं. असं आहे काय!" आणि आभार मानायचे असले की मी काहीतरी निमित्त काढून उजवीकडे जाऊन बसतो.

परवाच्या रविवारी अल्बम संपला. दादा बावखलाकडे बघत होते. मी पाण्याचा तांब्या आणायला उठलो आणि येताना त्यांच्या उजव्या अंगाला टेकलो. हळूच म्हटलं, "दादा, तुम्ही तेव्हा आला नसतात तर मी त्या गॅलरीतून उठलो नसतो."

दादांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"काही नाही. ते उत्तर आलं होतं, ते म्हणून दाखवलं."

"अल्बम संपलाय, भावोजी."

मी तांब्या पुढे केला. दादांनी तो घेऊन दोन घोट घेतले. मग पुन्हा पाण्याकडे वळून म्हणाले, "परत लावा. आणि असे इकडे डावीकडे येऊन बसा. तिकडून तुम्ही ऐकू येत नाही."

मी अल्बम पुन्हा लावला आणि डावीकडे जाऊन बसलो.